कंडक्टरच्या पिशवीत फुकट्याचा खाऊ

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. भाजी आणायची नव्हे. बसच्या कंडक्टरच्या खांद्यावर तिरकी लटकते ती, जाड चामड्याची. हे आधीच सांगितलेले बरे, कारण हल्ली लोक मला भलतेच काही समजतात आणि माझा पारा चढतो.

डेपोमागच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवले. दोन कप्पे, मेण लावलेला दोरा, दुहेरी टाके आणि झाकणाला पितळेचे दाबाचे बटण. ते एका अंगठ्याने उघडते आणि उघडताना टक् असा आवाज होतो. "ही कंडक्टरपेक्षा जास्त टिकेल," असे तो म्हणाला होता. ते मी फारच मनावर घेतले.

पुढे अठ्ठावीस वर्षे मी एकाच कंडक्टरच्या कमरेशी राहिले. मी जितकी अनोळखी माणसे पाहिली, तितकी क्वचितच कुणी पाहिली असतील. घाईतली, पेंगणारी, भांडायला निमित्त शोधणारी. माझ्या कंडक्टरला माणसांची पारख होती. ही बाई पहिल्यांदाच एकटी निघाली आहे, या गृहस्थाचा थांबा चुकणार, हे तो लांबूनच ओळखे. मात्र कुणाला 'नाही' म्हणणे त्याच्या जिवावर येई. उतारू त्याला भला माणूस म्हणत. त्याच्या घरी राहणारी त्याची थोरली बहीण, आक्का, त्याला भोळा सांब म्हणे.

मग तो निवृत्त झाला आणि मी दाराआडच्या खिळ्यावर गेले. आक्काने माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे भरले. एके काळी रोज शेकडो हात माझ्याकडे पुढे होत, आणि आता चिमटे! मला फार वाईट वाटले. पण खिळ्यावर टांगलेल्याने तक्रार करायची तरी कुणाकडे?

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एक लांबट, तपकिरी कुत्रा बसमध्ये चढला होता. मागच्या बाकाखाली जाऊन बसला, तो शेवटचा थांबा आला तरी उतरेना. कंडक्टरने त्याला घरी आणले आणि नाव ठेवले फुकट्या.

"जन्मभर फुकट्यांना खाली उतरवलंस," आक्का म्हणाली, "आणि आता एकाला कडेवर घेऊन आलास!"

घरात फुकट्या म्हणजे गरीब गाय. आक्काच्या पायावर हनुवटी टेकून झोपे. पण रस्त्यावर अनोळखी माणूस दिसला रे दिसला, की त्याचे अंग ताठ होई. मग भुंकणे, पुढे झेप घेणे, पट्ट्याला हिसके. कंडक्टर ओशाळून प्रत्येकाला सांगत सुटे, "काही करत नाही हो तो." लोक पलीकडच्या बाजूने जाऊ लागले.

शेवटी कंडक्टरने आपल्या अनुभवाची अक्कल चालवली. नवा कंडक्टर गर्दीला बिचकला, की डेपोत त्याला मुद्दाम सर्वांत भरलेल्या बसवर धाडत. आठ दिवसांत गडी तयार. म्हणून त्याने एका सकाळी ऐन गर्दीच्या वेळी फुकट्याला थेट बसस्थानकावर नेऊन उभे केले.

पुढचे मी खिळ्यावरून ऐकले. तो पांढराफटक चेहऱ्याने परत आला आणि त्याने आक्काला सगळे सांगितले. चोहीकडून पाय, बॅगा, हॉर्न. फुकट्या भिंतीला चिकटून थरथरत होता. तेवढ्यात छत्री घेतलेला एक माणूस बसमधून उतरला, "अरे, आमच्याकडेही आहे असाच," म्हणत वाकला आणि त्याने थेट फुकट्याच्या डोक्याकडे हात नेला. कंडक्टरला 'नको' म्हणता आले नाही. फुकट्याला मागे सरायला जागा नव्हती. त्याचे दात त्या माणसाच्या मनगटाला लागले.

कंडक्टरने त्या माणसाला लगेच दवाखान्यात नेले. तिथे कळले की हा आपल्याच इमारतीच्या सेक्रेटरीचा मेहुणा, महिनाभराच्या कामासाठी राहायला आलेला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

संध्याकाळी सेक्रेटरी दारात आले. "काका, तुमच्याबद्दल राग नाही. पण इमारतीत लहान मुलं आहेत. महिनाभर बघतो. पाहुणे जायच्या दिवशी मी स्वतः फाटकापाशी उभा राहीन. कुत्रं तेव्हाही अंगावर धावलं, तर त्याला इथे ठेवता येणार नाही."

त्या दिवशी कंडक्टर जेवला नाही. फुकट्या त्याच्या गुडघ्याला नाक लावून बसला होता. आपल्यावर काय बेतले आहे हे त्याला कुठून कळणार! आक्काने ताट झाकून ठेवले. "सुतकी चेहरा करून काय होणार? उद्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जा."

डॉक्टरीणबाईंनी सगळे शांतपणे ऐकले. "काका, हा चिडका नाही, भित्रा आहे. पोहता न येणाऱ्याला तुम्ही खोल पाण्यात ढकललंत. आता काठापासून सुरुवात करा. माणूस दिसेल, पण भुंकावंसं वाटणार नाही, इतक्या लांब थांबा. माणूस दिसला की लगेच आवडीचा खाऊ द्यायचा, भुंकायच्या आधी. भुंकलाच तर ओरडू नका, वळा आणि त्याला लांब घेऊन जा. आणि कुणालाही हात लावू देऊ नका. खाऊ मात्र कमरेशी हवा, एका हातानं झटकन निघेल असा."

कंडक्टर घरी आला तो सरळ माझ्यापाशी. आक्काने सगळे चिमटे बादलीत ओतले.

खरे सांगते, आधी मला आनंद झाला. मग माझ्या नोटांच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेले उकडलेल्या कोंबडीचे तुकडे आले आणि माझा आनंद मावळला. ज्या पोटात कोऱ्या करकरीत नोटा राहिल्या, त्यात हा वास! पण कंडक्टरने मला खांद्यावर अडकवले, तळहाताने एकदा थोपटले, आणि मी गप्प बसले.

पहिले आठ दिवस आम्ही मैदानाच्या एका टोकाला उभे राहत होतो. दुसऱ्या टोकाला माणसे फिरत. माणूस दिसला की टक्, आणि तुकडा. माणूस गेला की खाऊ बंद. इथे कंडक्टरची जुनी नजर कामी आली. कोण सरळ जाणार, कोण वळून आपल्याकडे येणार, कोण कुत्रा पाहून लाड करायला धावणार, हे त्याला आधीच उमगे आणि तो वेळेवर रस्ता बदले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही थोडे जवळ आलो. मग आणखी थोडे.

सगळेच सुरळीत झाले असे समजू नका. अठराव्या दिवशी कोपऱ्यावरून एक धावणारा माणूस अचानक समोर आला. फुकट्या असा काही उसळला की माझे बंद ताणले गेले आणि खाऊ रस्त्यावर सांडला. कंडक्टरने फुकट्याला वळवून लांब नेले. "जमायचं नाही आक्का, मी त्याला खड्ड्यात घातलं," असे तो घरी येऊन म्हणाला.

"एका दिवसात कंडक्टर झाला होतास का तू?" आक्का म्हणाली. "पहिल्या दिवशी शिट्टी विसरून गेला होतास. उद्या परत मैदानाच्या टोकाला उभा राहा."

आम्ही परत टोकाला उभे राहिलो.

शेवटी तो दिवस आला. सकाळी फाटकापाशी सेक्रेटरी उभे होते, वरच्या खिडक्यांतून माणसे डोकावत होती. मेहुणा एका हातात सामान आणि एका हातात छत्री घेऊन जिन्यातून उतरला. आम्ही अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, वीस पावलांवर. फुकट्याने त्याला पाहिले. त्याचे कान उभे राहिले, अंग ताठ झाले, घशात बारीक गुरगुर सुरू झाली. कंडक्टरचा अंगठा माझ्या बटणावर होता, पण घाईत तो घसरत होता. बटण दाबलेच जाईना.

आणि मित्रांनो, बटण वाजायच्या आधीच फुकट्याने मान वळवली. त्या माणसाकडे पाठ करून त्याने वर कंडक्टरच्या तोंडाकडे पाहिले. "तो बघ आला. आता काय करू?" असे विचारावे तसे. एवढ्या वर्षांत आमच्याकडे इतक्या विश्वासाने कुणी पाहिले नव्हते. टक्. एक तुकडा, मग दुसरा, मग तिसरा. मेहुणा फाटकापर्यंत पोचला. फुकट्या भुंकला नाही.

खिडक्यांतून कुणीतरी टाळी वाजवली. मेहुण्याचा चेहरा खुलला. सामान खाली ठेवून तो वळला आणि हात पुढे करून आमच्याकडे निघाला. "शहाणा झाला की! ये, दोस्ती करू." सेक्रेटरीही हसत होते. त्यांच्या होकारावर फुकट्याचे घर अवलंबून होते. अशा वेळी त्यांच्या पाहुण्याचे मन कोण मोडील?

"नको," कंडक्टर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा होता. "पाहुणे, तिथंच थांबा. त्याला अजून तेवढं जमत नाही."

सेक्रेटरींचे हसू मावळले. मेहुणा जागच्या जागी थांबला, त्याने स्वतःच्या मनगटावरचा व्रण पाहिला आणि हात खिशात घातला. "त्या दिवशी हे कुणी सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

"माझंच चुकलं," कंडक्टर म्हणाला.

सेक्रेटरींनी मेहुण्याचे सामान उचलले. मग म्हणाले, "तुम्ही असं आधी सांगत जाणार असाल काका, तर राहू दे त्याला. मुलांना मी समजावतो."

आता माझे चामडे तडकले आहे. महिन्यातून एकदा मला तेलाचे बोट लावतात. नाही लावले तर मी कुरकुरते. फुकट्याची सगळ्यांशी दोस्ती झालेली नाही. काही माणसे त्याला दहा पावलांवर चालतात, काही वीस. मित्रांनो, रस्त्यात पट्ट्याला बांधलेला कुत्रा दिसला आणि त्याचा माणूस "नको" म्हणाला, तर रुसू नका. थोडे लांबूनच जा. तुम्ही सोडलेल्या त्या चार पावलांत एक भित्रा जीव रोज थोडा धीट होतो आणि रात्री आपल्याच घरी झोपतो.