तुळईला ठोकलेली रॅकेट

मित्रांनो, जरा माना वर करा. ग्रीनॉकच्या या चर्चच्या हॉलमध्ये, चहाच्या टेबलाच्या बरोबर वर, तुळईला ठोकलेली एक काळी रॅकेट दिसते ना? दांडी मोडलेली, जाळी फाटलेली? ती मी. जुनी आहे, मोडकी आहे, पण भंगार म्हणालात तर मला राग येतो.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीतला. कार्बनचे थर दाबून मला भाजलं, मग माझ्या अंगातून जाळीची तार इतकी ताणून ओढली की मी कण्हले. मला विकत घेतलं आर्ची गिल्क्रिस्टने. हा आर्ची गोदीतला वेल्डर. मनगट लोखंडी आणि डोकं कायम तापलेलं. घरात तो आणि त्याची एकुलती एक पोर, लॉर्ना. पोरीला बॅडमिंटनमध्ये स्कॉटलंडची चॅम्पियन करायची, एवढं एकच खूळ त्याने डोक्यात घेतलं होतं.

हा हॉल तेव्हाही असाच बुटका होता. फूल, म्हणजे आपलं पिसांचं शटल, तुळईला लागलं की गुण गेला, असा इथल्या क्लबचा नियम. म्हणून इथली माणसं फूल कधी उंच मारतच नाहीत. जाळ्याला घासून, सपाट, जोरात हाणतात. आर्चीने त्यात स्वतःचा एक नियम घातला. लॉर्नाचं फूल तुळईला लागलं की तो मला तिच्या हातातून हिसकायचा आणि तिच्या पोटरीवर सपकन ओढायचा.

"खाली ठेव म्हटलं ना? खाली!"

पोर रडायची नाही. पोटरीवर माझा काळानिळा वळ घेऊन पुन्हा सर्व्हिस करायची. बाकीची मंडळी चहात बिस्किटं बुडवत बसायची. दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत कशाला पडा, असं म्हणायची. मला तर कोण विचारतं? ज्याच्या हातात पडू त्याचं ऐकायचं, हे आमचं नशीब. पण तिच्या अंगावर आदळताना माझा जीव तळमळायचा, हे मी आज तुम्हाला स्पष्ट सांगते.

लॉर्ना वाढली आणि तिच्या आतला सगळा संताप माझ्यातून बाहेर पडू लागला. तिचा स्मॅश बसला की फुलाची पिसं उडायची. एकदा समोरच्या मुलीच्या गळ्याखाली असा फटका बसला की ती गुडघ्यांवर कोसळली. लोक टाळ्या पिटायचे. काय मार आहे पोरीचा, म्हणायचे. हा मार ती शिकली कुठे, हे कुणी विचारलं नाही.

पुढे ती ग्लासगोला गेली, पगारी खेळाडू झाली. रॅकेटीच्या कंपनीने तिला नव्याकोऱ्या रॅकेटी दिल्या, तरी मोठ्या सामन्याला आर्ची मलाच तिच्या हातात द्यायचा. हिनेच तुला घडवलंय, म्हणायचा. तिथल्या प्रशिक्षक सेन्गाबाई. तोंडाने फटकळ, पण मनाने मायाळू. त्यांनी पहिल्याच आठवड्यात लॉर्नाचं दुखणं ओळखलं.

"अगं, अडचणीत सापडलीस की फूल उंच मार, मागच्या रेषेपर्यंत. श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथं छप्पर बघ किती वर आहे, चिमणी उडून दमेल."

लॉर्नाला पटायचं. ती मला खाली न्यायची, उचलायची, आणि अर्ध्यात तिचा हात थबकायचा. पोटरी थरथरायची. फूल सपाटच जायचं. हळूहळू ही गोष्ट सगळ्या देशात पसरली. समोरच्या मुली जाळ्यापाशी येऊन ठाण मांडायच्या, कारण ग्रीनॉकची लॉर्ना समोरचीच्या डोक्यावरून फूल मारत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. लागोपाठ दोन अंतिम सामने ती असेच हरली. यंदाही हरलीस तर संघातली तुझी जागा दुसऱ्या मुलीला जाणार, असं बॅडमिंटन संघटनेने तिला तोंडावर सांगितलं.

त्या वर्षी अंतिम सामन्यात समोर होती ॲबर्डीनची फ्रेया डूगिड. उंच, हाडापेराने मजबूत. पहिल्या गेममध्ये तिने लॉर्नाला अक्षरशः तुडवलं. जाळ्यावर उभी राहून प्रत्येक सपाट फूल तिने खाली ठेचलं. एक लॉर्नाच्या ओठावर बसलं, रक्त आलं. गेम गेला.

मधल्या विश्रांतीत लॉर्नाने मला खुर्चीवर ठेवलं आणि ती ओठ पुसत होती. तेवढ्यात आर्ची प्रेक्षकांतून उतरला, कठडा ओलांडून आला. त्याने मला उचललं. अख्ख्या हॉलसमोर, सवयीने, त्याने मला तिच्या पोटरीवर ओढलं. तो आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. सेन्गाबाई मधे धावल्या, पंच खुर्चीवरून उतरले.

लॉर्नाने हात पुढे केला आणि मला घट्ट पकडलं. बापाने ओढलं, तिनेही ओढलं. दोघांचीही मनगटं एकाच हाडाची, मी मधे करकरत होते. शेवटी त्याची पकड सुटली.

"बाबा, वर बघा," ती म्हणाली. "दिसते का कुठे तुळई?"

आर्चीने खरंच वर पाहिलं. त्याला बाहेर काढलं तेव्हाही त्याची मान वरच होती.

दुसरा गेम सुरू झाला. फ्रेया जाळ्यावर आली. लॉर्नाने मला खाली नेलं. तिचा हात थबकला, मी थरथरले, आणि मग तिने मला वर झोकून दिलं. फूल गेलं, दिव्यांच्याही वर गेलं. फ्रेया मान वर करून बघतच राहिली आणि ते तिच्या मागे रेषेवर टपकन पडलं. लॉर्ना रडली, मित्रांनो. एवढा मार खाल्ला तेव्हा रडली नव्हती. मग ती उंच मारत राहिली, फ्रेयाला मागे पळवत राहिली, आणि फ्रेया मागे गेली की पुढे असा स्मॅश हाणायची की लाकडी जमीन दणाणायची. दुसरा गेम तिने घेतला, तिसराही घेतला, आणि शेवटचा गुणसुद्धा उंच फुलाचाच. ती चॅम्पियन झाली.

बाहेर आर्ची थांबला होता. पदक त्याने पाहिलंही नाही. तिच्या पिशवीतून मला ओढून काढलं आणि दगडी भिंतीवर आपटलं, पुन्हा पुन्हा, माझी दांडी कडाडून तुटेपर्यंत. पोरगी आता हाताला लागणार नव्हती, मग राग कुणावर काढणार? मला फार लागलं. पण तिच्या पोटरीऐवजी ती भिंत होती, याचं मला सुखच झालं. लॉर्नाने माझे तुकडे गोळा केले आणि ती त्याच्या नव्हे, सेन्गाबाईंच्या गाडीत बसली.

त्यानंतर ती देशोदेशी खेळली, गुडघा जायबंदी होईपर्यंत. मग इथेच परत आली, मुलांना शिकवायला. पहिल्याच दिवशी शिडी लावून तिने मला इथे ठोकलं आणि क्लबचा नियम बदलला. तुळईला फूल लागलं तर गुण जात नाही. पुन्हा सर्व्हिस.

परवा आर्ची आला होता. म्हातारा झालाय, काठी टेकत चालतो. बाकावर बसून तो खेळ बघत होता. एका चिमुरडीचं फूल थेट माझ्या तोंडावर येऊन आदळलं. आर्चीची काठी वर उचलली गेली. पोर घाबरून जागीच खिळली.

लॉर्ना दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "आता इथे पुन्हा सर्व्हिस असते, बाबा," म्हणाली. तिने ती काठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि दारामागे ठेवली.

मित्रांनो, रॅकेटी मोडतात, नव्या मिळतात. पण तुमच्या हातात काहीही असलं, तरी ते पोरांच्या अंगावर उगारू नका. आणि तुम्हाला फूल वर मारावंसं वाटलं तर खुशाल मारा. मला लागलं तरी चालेल.