नाव घेऊन

"थांब, बटण वर-खाली लागलंय," म्हणत म्हातारा चर्चच्या दारातच बायकोच्या स्वेटरपुढे वाकला. तिने पाळकांकडे बघून मान डोलावली. "चांगला माणूस आहे," ती म्हणाली.

तरुण पाळकांनी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. "काका, काकूंना आज मागच्या बाकावर बसवू या का? मी प्रभुभोजनाचा पाव तिथे आणून देईन. गेल्या वेळी जरा..."

गेल्या वेळी प्रभूच्या मरणाचे शब्द ऐकून तिने मोठ्याने विचारलं होतं, "कधी गेला? मला कुणी कळवलं कसं नाही?" आणि हमसून रडली होती. मुलं फिदीफिदी हसली, मोठ्यांनी माना खाली घातल्या.

"मरणाचं ऐकून रडली, त्यात तिचं काय चुकलं?" म्हातारा म्हणाला. तिला मागे न बसवण्याचं खरं कारण वेगळंच होतं, पण जन्मभर नळ दुरुस्त केलेल्या त्या माणसाला बोलणं कधी जमलं नव्हतं.

या चर्चची जुनी रीत होती. प्रभुभोजनाला एकच मोठा पाव हातोहात फिरायचा आणि शेजारच्याला तुकडा मोडून देताना त्याचं नाव घ्यायचं. घरी 'अहो'वर भागवणारी बायको इथे मात्र त्याचं नाव घ्यायची, कानांपर्यंत लाल होऊन. पोरांची लग्नं झाली तरी तिचं लाल होणं काही थांबलं नाही. आता घरातलं 'अहो'सुद्धा गेलं होतं. पण पाव हातात आला की नाव आपसूक तोंडात येईल, अशी वेडी आशा त्याला होती. महिनोन्महिने कोरड्या पडलेल्या नळालाही अचानक पाणी आलेलं त्याने पाहिलं होतं.

"आजचा दिवस बसू द्या, पाळकसाहेब. पुढच्या वेळेपासून तुम्ही म्हणाल तसं."

दोघं नेहमीच्या बाकावर बसले. प्रभूच्या मरणाची आठवण करणारे शब्द झाले. "गेला?" ती कुजबुजली आणि तिचे डोळे भरले. त्याने तिचा हात घट्ट धरला.

पाव आला. डावीकडच्या बाईने तिचं नाव घेऊन तुकडा दिला, तो तिने खाल्ला. मग पाव मांडीवर घेऊन त्याच्यासाठी तुकडा मोडला, पूर्वीसारखाच, एक कण न सांडता. ती वळली. त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. स्वतःचं नाव सांगायला त्याची जीभ वळवळली, पण त्याने ते गिळलं. सांगून घेतलेलं त्याला नको होतं.

"तुमचं नाव काही आठवत नाही हो," ती ओशाळून म्हणाली. कान मात्र लाल झाले होते. "पण घ्या. सकाळपासून माझ्यामागे फिरताय. काही खाल्लंही नसेल."

त्याने तुकडा दोन्ही हातांत घेतला आणि खाल्ला. मग पाव पुढे द्यायचा होता. उजवीकडे कित्येक वर्षांचा शेजारी हात पुढे करून बसला होता, आणि म्हाताऱ्याला काही केल्या त्याचं नाव आठवेना.