घंटा वाजायच्या आधी

मी एक जुना माईक आहे. कोल्हापुरातल्या एका केबल चॅनेलच्या कपाटात, पोटातले सेल काढून मला ठेवून दिलं आहे. मित्रांनो, माझी गोष्ट म्हणजे विश्वजितदादांचीच गोष्ट, कारण नऊ वर्षं मी त्यांच्या हातात होतो.

कारखान्यातून आलो तो थेट ‘सांगा वहिनी पटकन’ या कार्यक्रमात. दादा पेठ वडगावचे. आधी ते कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचे, म्हणून आवाज खणखणीत. गावोगावी चौकात मांडव पडायचा, बायका जमायच्या, दादा प्रश्न विचारायचे. पण प्रश्नाआधी प्रत्येकीला स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला लावायचे. ‘अमक्याची आई’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. कितीतरी जणींनी आपलं नाव कर्ण्यावरून पहिल्यांदा ऐकलं ते माझ्यामुळे. तेव्हा मला माझाच अभिमान वाटायचा.

मग कागलची अंतिम फेरी आली. बक्षीस होतं स्कूटर. शेवटच्या दोघींत एक होती रत्नव्वा. माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळे मराठी बोलताना ती शब्द शोधत बोलायची. रोज दुधाच्या दोन किटल्या घेऊन डेअरीपर्यंत चालत जाते, असं तिनं सांगितलं. दादा म्हणाले, “सावकाश बोला वहिनी. काय घाई न्हाई.”

मध्यंतरात चॅनेलचे व्यवस्थापक यशराज मंचावर आले. त्यांनी मला मुठीत झाकलं आणि दादांना हळूच म्हणाले, “गाडी दुसऱ्या वहिनींना जाऊ दे. शोरूमवाल्यांच्या सूनबाई हायत. त्यांची जाहिरात गेली तर कार्यक्रम बंद.”

दादांनी त्यांची मूठ माझ्यावरून काढली आणि खेळ पुढे सुरू केला.

सूनबाईंचे गुण रत्नव्वाइतकेच झाले होते. शेवटचा प्रश्न रत्नव्वाला होता; उत्तर बरोबर आलं तर गाडी तिची, नाहीतर सूनबाईंची. गाईच्या पोटाला कप्पे किती? वेळ दहा सेकंद, मग घंटा. मी तिच्या ओठांशी होतो. आधी ती कानडीत पुटपुटली, “नाल्कु.” मग मराठी शब्द जुळवून म्हणाली, “चार.” उत्तर बरोबर होतं. घंटा वाजली नव्हती.

दादांनी मला आपल्या तोंडाशी नेलं. म्हणाले, “उत्तर बरोबर हाय वहिनी, पण वेळ संपली.”

त्यानंतर घंटा वाजली.

मित्रांनो, मी काय करणार होतो? खरं असो, खोटं असो, जे माझ्यात बोललं जाईल ते मोठं करून सांगायचं, एवढंच मला येतं. ते खोटं मी साऱ्या चौकाला ऐकवलं. रत्नव्वानं वाद घातला नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाली, “माझीच जीभ जड हाय, दादा.” तेही मी साऱ्यांना ऐकवलं.

पुढचा कार्यक्रम कळंब्याला होता, थेट प्रक्षेपणाचा. दादा मंचावर आले, पण खेळ सुरू करेनात. म्हणाले, “आधी एक सांगायचं हाय. कागलला रत्नव्वा वहिनी...” इतक्यात माझा लाल दिवा विझला. यशराजनी खालून आवाज बंद केला होता. दादा बोलत राहिले. एकेक शब्द माझ्या जाळीवर आपटत होता आणि मी तो पुढे पाठवू शकत नव्हतो. कर्ण्यावर गाणं लागलं. पहिल्या रांगेतल्या बयाबाई शेजारणीला विचारत होत्या, “काय म्हणालाय गं त्यो?” तिलाही कळलं नव्हतं.

त्याच दिवशी दादांचं काम गेलं. आता ते वडगावात भाच्याच्या दुकानात बसतात. दोनदा कागलच्या स्टँडपर्यंत जाऊन परत आले म्हणे, तिच्या दारात जायचा धीर झाला नाही. रत्नव्वा डेअरीत आता कुणाशी मराठीत बोलत नाही, नुसती मान हलवते, असंही चॅनेलमधली माणसं सांगतात. नव्या निवेदिकेच्या पदराला नवा छोटा माईक असतो. मला कुणी हात लावत नाही.

त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कागलचं असेल आणि सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन निघालेली रत्नव्वा भेटली, तर तिच्याबरोबर चार पावलं चाला. तिला सांगा, तुझी जीभ जड नाही. तू वेळेत बोलली होतीस. मी ऐकलं आहे. मला आपणहून बोलता येत नाही, तुम्हाला येतं.