सतरा पावलं

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे आणि माझी पाठ उघडी आहे. दचकू नका, मी एक हेडफोन आहे. भुकूम गावातल्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या खुंटीला मी टांगलेला असतो. तुम्ही कानात जे बोंडाएवढे इयरफोन खुपसता त्यांच्याशी माझी तुलना करू नका, मला राग येतो. माझ्या दोन्ही वाट्यांच्या मागे झाकण नाही, बारीक तारेची जाळी आहे. तिच्यातून हवा खेळते, म्हणून माझ्यातलं गाणं मोकळं वाटतं, कुणी समोर बसून गातंय असं वाटतं. पण त्याच जाळीतून गाणं बाहेरही जातं. जो मला घालतो त्याला जे ऐकू येतं तेच, थोडं बारीक, शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतं. माझ्या पोटात काही राहत नाही. हा माझा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

माझा जन्म परदेशात, एका लहानशा कारखान्यात झाला. चष्मा लावलेल्या एका बाईने माझे दोन पडदे शंभरांतून निवडून काढले. हे पडदे केसाहून पातळ असतात, आणि डाव्या-उजव्याला अगदी सारखं बोलावं लागतं. त्या बाईने माझ्यासाठी अख्खा दिवस घालवला. पुढे मी पुण्यातल्या एका दुकानात आलो आणि तिथून तपासणीसाठी अमजदभाईंच्या घरी. आठ दिवसांनी परत जायचं ठरलं होतं. त्याला आता बारा वर्षं झाली.

अमजदभाई मूळचे पौडचे. एसटी स्टँडच्या मागे त्यांचा स्पीकरचा धंदा होता. लग्न असो, उरूस असो, जयंतीची मिरवणूक असो, पंचवीस वर्षं तालुक्यात त्यांचेच स्पीकर वाजले. भिंतीसारख्या रचलेल्या खोक्यांच्या पुढ्यात उभं राहून ते आवाज जुळवायचे. कोणत्या खोक्याची वायर ढिली आहे हे रस्त्याच्या पलीकडून सांगायचे. वस्तूची पारख करायची झाली की लोक म्हणत, अमजदच्या कानाला विचारा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी धंदा मोडला, भुकूमला आले, आणि घरी गाणी ऐकण्याच्या उंची यंत्रांवर एका मराठी मासिकात लिहू लागले. त्यांनी चांगलं म्हटलं की लोक डोळे मिटून वस्तू घेत.

आम्हा उघड्या पाठीच्या मंडळींना शांतता लागते, कारण बाहेरचा आवाजही जाळीतून आत शिरतो. भुकूममध्ये शांतता आणायची कुठून? रोज एक इमारत उठते. एकीकडे फरशी कापतात, दुसरीकडे काँक्रीट कालवतात. म्हणून अमजदभाईंनी गुरुवार धरला. गुरुवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाईट जायची. बाकीचे लोक वैतागायचे, हे मात्र बॅटरीवर चालणारा छोटा अॅम्प्लिफायर काढून खुशीत बसायचे. पंखा बंद, लिफ्ट बंद, शेजारचा मिक्सर बंद. त्यांची बायको, आसमाभाभी, तेवढा वेळ कुकरही लावत नसत. समोर जमिनीवर परात घेऊन तांदूळ निवडत बसायच्या.

तपासणीसाठी वाजवायचे आवाजाचे आठ तुकडे ठरलेले होते. सात बाजारातल्या गाण्यांचे. आठवा त्यांचा स्वतःचा. त्यांची लेक मन्तशा चार वर्षांची असताना पौडच्या घरात पैंजण घालून चालली होती, स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत. ते त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. सतरा पावलं होती. पहिली ठळक, मग ती दाराआड जाते तशी बारीक होत जाणारी, आणि शेवटची तीन म्हणजे एखाद्या घुंगराने नुसतं कुजबुजल्यासारखी. ज्या हेडफोनमधून सतरा ऐकू येतील तो खरा. भलेभले चौदाव्या पावलाला मान टाकायचे.

पहिल्या गुरुवारी मी सतरा दिली. अमजदभाईंनी मला काढून हळूच मांडीवर ठेवलं. तेव्हा मन्तशा नाशिकला शिकायला गेली होती आणि घर फार रिकामं झालं होतं.

"आसमा, पोरगी पार अंगणात गेली बघ," ते म्हणाले.

"मला हितनंबी ऐकू आली," आसमाभाभी म्हणाल्या.

वहीत त्यांनी लिहिलं, "सतरा. हा परत द्यायचा नाही." त्या दिवशी मला जी घमेंड चढली ती कितीतरी वर्षं उतरली नाही. नवा हेडफोन तपासणीला आला की आधी मला घालायचे, मग त्याला. माझ्याशी तुलना करून त्याची लायकी ठरायची. मीही आढ्यतेने टेबलावर पडून राहायचो.

मग एका गुरुवारी वहीत माझ्यापुढे पंधराचा आकडा आला. मी चक्रावलो. मी सतरा दिली होती! माझ्या गाद्या विरल्या असतील असं वाटून त्यांनी नव्या मागवल्या. पुढच्या वर्षी चौदा. त्यांनी वायर बदलली. मग बारा. वहीत त्यांनी लिहिलं, "बिचारा थकला." मित्रांनो, त्या एका शब्दाने मी किती दुखावलो ते कसं सांगू? पडदे माझे होते. त्यांतून काय निघतंय हे मला ठाऊक होतं. अमजदभाईंचा हात मात्र दर महिन्याला आवाजाचं बटण आणखी थोडं उजवीकडे फिरवत होता. मन्तशाचा फोन आला की ते म्हणायचे, "भुकूमला नेटवर्कच न्हाई बघ." आसमाभाभी त्याच फोनवर तिच्याशी अर्धा तास बोलायच्या.

तशात सिद्धांत आला. तोही पौडचा. त्याच्या वस्तीतल्या जयंतीला अमजदभाईंचे स्पीकर असायचे, आणि त्या आवाजाने त्याला वेड लावलं होतं. इंजिनियर होऊन नोकरी सोडून त्याने दोन वर्षं घरात खपून एक हेडफोन बनवला होता. उघड्या पाठीचा, फणसाच्या लाकडाच्या वाट्यांचा. तो त्याने माझ्या शेजारी ठेवला.

"चाचा, पहिला तुमालाच ऐकवतोय. तुमी व्हय म्हणालात तर मी पुढं जाणार, न्हाईतर न्हाई."

अमजदभाईंनी त्याला घातला. मी शेजारीच होतो, त्याच्या जाळीतून येणारं सगळं ऐकत होतो. मित्रांनो, मी गर्विष्ठ आहे, पण खोटारडा नाही. त्या पोराचा हेडफोन सतरा देत होता. शेवटचं पाऊल तर माझ्याहून स्वच्छ होतं. आसमाभाभींचा परातीतला हातसुद्धा थांबला होता.

अमजदभाईंनी मान हलवली. "धाच आली. ट्रेबल कुटं गेला रं?"

सिद्धांतचा चेहरा उतरला. "माइकवर मोजलं तर बरोबर दिसतंय, चाचा."

"माइक काय गाणं ऐकतो का? वरचे सूर न्हाईत ह्यात. पडदा ताण, मागचं कापड काढ."

त्याने ऐकलं. का नाही ऐकणार? अख्खा तालुका ज्या कानाला मानत होता तो कान सांगत होता. महिन्याने तो दुसरा जोड घेऊन आला, आणि दोन महिन्यांनी तिसरा. तिसरा वाजला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पैंजण पत्र्यावर खिळे ओतल्यासारखं वाजत होतं. आसमाभाभींनी पदर कानाशी नेला.

"अहो, हे लई टोचतंय."

"तू घातलंयस का? बाहेरनं काय कळतंय तुला?" अमजदभाई हसले आणि सिद्धांतच्या पाठीवर थाप मारली. "आता झालं! चौदा!"

आसमाभाभी पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. मासिकात दोन पानं छापून आली. सिद्धांतच्या घरी पार्सलं बांधायला त्याची आई आणि बहीण बसल्या, असं तो फोनवर ओरडून सांगत होता. अमजदभाई दोन दिवस खुशीत होते.

पावसाळा संपता संपता, एका गुरुवारी, सिद्धांत न सांगता आला. लाईट गेलेली होती, म्हणून जिना चढून आला होता. हातात एक मोठं खोकं होतं.

"चाचा, सगळे परत आले. लोक म्हणत्यात कान दुखतोय. धा मिनिटं ऐकवत न्हाई."

"लोकांचे कान खराब झाल्यात त्या फोननी," अमजदभाई तडकले. "थांब. पारख म्हंजे काय ते तुला दाखवतो."

त्यांनी मला खुंटीवरून काढलं, डोक्यावर चढवलं, बटण पार उजवीकडे फिरवलं आणि आठवा तुकडा लावला. इतक्या जोरात मला कधी कुणी वाजवलं नव्हतं. खोलीभर पैंजण ऐकू येत होतं. आसमाभाभींनी परातीतून तांदळाचा एक दाणा उचलून फरशीवर ठेवला. मग दुसरा. पावलागणिक एक दाणा. मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, भाभी, नका हो.

नवव्या पावलाला अमजदभाईंनी हात वर केला. मला काढून टेबलावर ठेवलं.

"बघ. हा म्हातारा हाय, तरी नऊ देतो. संपलं."

पण मी वाजत होतो. मला थांबता येत नाही, मित्रांनो. दहावं पाऊल. अकरावं. ना पंखा, ना मिक्सर, बाहेर फरशी कापायचं यंत्रसुद्धा बंद. सिद्धांतची नजर माझ्याकडे वळली आणि तिथेच राहिली. आसमाभाभींनी बारावा दाणा ठेवला. अमजदभाईंनी आधी सिद्धांतकडे पाहिलं, मग बायकोच्या हाताकडे.

"काय बघताय?"

मन्तशा दाराआड गेली, अंगणात उतरली. पंधरा. सोळा. त्या शेवटच्या कुजबुजीला सिद्धांतने डोळे मिटून घेतले.

सतरावा दाणा ठेवून आसमाभाभी म्हणाल्या, "आत्ता संपलं."

अमजदभाई कष्टाने खाली बसले आणि बोटाने दाणे मोजू लागले. दोनदा मोजले. मला माझ्या पडद्यांची, माझ्या जाळीची, त्या चष्मेवाल्या बाईच्या अख्ख्या दिवसाची लाज वाटली. एवढं खरं बोलायला मला कुणी सांगितलं होतं?

"का बोलली न्हाईस?" त्यांनी विचारलं. आसमाभाभींनी दोनदा सांगितल्यावर त्यांना उत्तर कळलं.

"बोलले होते. तुमी म्हणालात, बाहेरनं काय कळतंय."

मग ते सिद्धांतकडे वळले. "तुजा पहिला जोड कुटं हाय? तो आण. तोच खरा हुता."

"तो न्हाई, चाचा. तोच खोलून दुसरा केला, दुसरा खोलून तिसरा. पडदा एकदा ताणला की परत पहिल्यासारखा होत न्हाई."

"मग नवा कर!"

"करीन वो. पण घेणार कोण? माझं नाव निघालं की लोक कानावर हात ठेवत्यात." सिद्धांत खोकं उचलून उभा राहिला. त्याचा आवाज चिडका नव्हता, तसा असता तर बरं झालं असतं. "सोमवारपासनं हिंजवडीला नोकरीला लागतोय. जातो, चाचा. गुडघ्याला जपा."

तो जिना उतरत होता ते आसमाभाभी ऐकत होत्या. अमजदभाई दाराकडे बघत होते.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आसमाभाभींनी घरी येऊन फोनवर मन्तशाला सांगितलं, म्हणून मला कळलं. पंचवीस वर्षं स्पीकरच्या खोक्यांपुढे उभं राहिल्याने कानातल्या नसा मेल्या आहेत. उरलेल्याही जात आहेत. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं कळेल, पण वरचे बारीक सूर गेले ते गेले, आणि यापुढे आवाज वाढवून काही ऐकायचं नाही. अमजदभाईंनी मासिकाला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी आसमाभाभींना वाचून दाखवलं. "सिद्धांतचा पहिला हेडफोन खरा होता. खोटा माझा कान होता. त्याचं नुकसान मी केलं." पत्र शेवटच्या पानावर, एका जाहिरातीच्या खाली छापून आलं. सिद्धांतचा फोन आला नाही. दुकानांनी नवे हेडफोन पाठवणं बंद केलं. वही अजून टेबलावर आहे, तिच्यावर चष्म्याचं घर ठेवतात.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्या असं सांगून मी गोष्ट संपवायला हवी. गाद्या पुसा, वायर मुडपू नका, वगैरे. पण माझ्या गाद्या बदलल्या, वायर नवी आली. कानाचं तसं काही मिळत नाही. बटण उजवीकडे फिरवायला हात गेला तर तो मागे घ्या. आणि शेजारी बसलेलं माणूस "टोचतंय" म्हणालं तर एकदा गाणं थांबवून त्याला विचारा. हे मी कुणाच्या उपयोगाला येईल म्हणून सांगतो आहे असं नाही. अमजदभाईंना ते पोचणार नाही, आणि सिद्धांतला आता त्याची गरज उरलेली नाही.

गुरुवार अजून पाळतात. लाईट गेली की आसमाभाभी मला खुंटीवरून काढतात, नवऱ्याच्या डोक्यावर नीट बसवतात, आवाज डॉक्टरांनी सांगितला तेवढाच ठेवतात आणि आठवा तुकडा लावतात. मग समोर बसून दाणे मांडतात. आधी अमजदभाई सहापर्यंत मान डोलवायचे. मग चारपर्यंत. दिवाळीनंतर दोन.

काल मी नेहमीसारखी सतरा पावलं दिली, एकही न गाळता. आसमाभाभींनी सतरावा दाणा ठेवला आणि हात मांडीवर घेतला. अमजदभाई मला दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरून वाट बघत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लावलंस का गं?"