इंजिनचा निकाल

त्या काळात नोएडात रोज एक नवी सोसायटी उगवत होती आणि नवी गाडी घेतलेला प्रत्येक माणूस चावी हातात पडताच संशयी होत होता. भालचंद्राच्या गॅरेजात गिऱ्हाईक गाडी सोडून जातच नसे; बॉनेटजवळ उभं राहून मेकॅनिकच्या खिशांवर नजर ठेवी.

"आधी बिघाड सांग, होकार घे, मगच पाना लाव," मेहुणा जयंत म्हणाला. जयंत मोठ्या ऑफिसात मॅनेजर असल्यामुळे न केलेल्या धंद्यांबद्दल त्याचं मत पक्कं असे. "आणि काढलेला पार्ट त्याच्या हातात दे."

"तो म्हणतो, हा माझा नाहीच."

"मग पार्टचा गाडीसोबत फोटो काढ, यार!"

अशात अण्णासाहेब आले. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त ऑडिटर. त्यांचं समाधान झालं तर सोसायटीच्या सगळ्या गाड्या इथे येणार होत्या. नाही झालं तर गॅरेज बंद. जागामालकाने तिथे मिठाईचं दुकान टाकायचं मनात धरलंच होतं.

"इंजिन टकटक करतंय," अण्णासाहेब म्हणाले.

"बघून सांगतो."

"बघून सांगाल की बदलून?"

अण्णासाहेब चारला येतो म्हणून गेले. भालचंद्राला सुटे भाग आणायला दिल्लीला काश्मिरी गेटच्या बाजारात जायचं होतं. निघताना तो मेकॅनिकला म्हणाला, "सतपाल, चार बजे तक इंजन का निकाल चाहिए."

परतला तेव्हा गाडीचा जबडा उघडा होता आणि इंजिन जुन्या टायरवर बसलं होतं.

"इंजन बाहर क्यूँ है?"

"टकटक एक ढीले बोल्ट की थी, वो कस दिया. पर आप ही बोले, साब, निकाल चाहिए. मैंने सोचा, टकटक के लिए पूरा इंजन? पर मालिक आप हो."

"अरे, निकाल मतलब रिज़ल्ट!"

"तो रिज़ल्ट बोलते ना, साब."

तेवढ्यात अण्णासाहेबांची रिक्षा थांबली. त्यांनी इंजिनभोवती एक चक्कर मारली, खिशातून भिंग काढलं आणि ते वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"साधनाची नेलपॉलिश," शेवटी ते म्हणाले. बायकोच्या बाटलीतून त्यांनी हात पोचेल त्या प्रत्येक पार्टवर ठिपका दिला होता. "सगळे ठिपके जागेवर आहेत. काहीच बदललं नाहीत?"

"नाही. एक बोल्ट सैल होता, तो आवळला."

"मग अख्खं इंजिन काढलंत कशाला?"

भालचंद्राच्या डोक्यात तीन चांगल्या थापा आल्या. पण ते भिंग आता त्याच्याच तोंडाकडे वळलं होतं. त्याने निकालाचा घोळ जसा झाला तसा सांगून टाकला.

अण्णासाहेबांनी डोळे बारीक केले. "इतकी बावळट सबब कोणी रचणार नाही. म्हणजे खरी असणार. सोमवारपासून आमच्या सगळ्या गाड्या इथेच."

भालचंद्राचा जीव भांड्यात पडतोय तोच ते पुढे म्हणाले, "एकच अट. प्रत्येक गाडीचं इंजिन असंच बाहेर काढून मालकाला दाखवायचं. आमचे सभासद जरा संशयी आहेत."

"चालेल," भालचंद्र म्हणाला. त्यानं दुसरं काय म्हणावं? मग सतपालकडे वळून, एकेक शब्द दोन्ही भाषांत तपासत, तो त्याला इंजिन परत बसवायला सांगू लागला.