खडूस वकील आणि बाकीचे

आईने दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्प्रेडशीटचा प्रोग्रॅम सुरू केला आणि न बोलावता एकामागून एक फायली उघडू लागल्या. दातवाल्या बाई. तिसरा मजला. नवं जोडपं. खडूस वकील. ती पडदे शिवायची, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिडक्यांच्या मापांची वेगळी फाईल ठेवायची.

"आले बघ," ती म्हणाली. "एकाला हाक मारावी तर अख्खी गल्ली हजर."

मग एकेक फाईल बंद करताना तिचं सुरू झालं. "बाई, तुमचं अस्तर यायचंय अजून. तुम्ही दोघं आधी रंगावर भांडून घ्या. आणि तुम्ही हो! चुण्या मोजून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

मी दुसऱ्या शहरात नोकरीला. सुट्टीला घरी आले होते. "थांबवून देऊ का हे? सोपं असतं," मी म्हटलं.

"राहू दे गं. तेवढीच सगळ्यांची विचारपूस होते. तू चहा टाक."

त्या दिवशी सांगण्यासारखं दुसरं काहीच झालं नाही. दुपारी तिने एका पडद्याची दुमड उसवून पुन्हा घातली, इस्त्री जास्त तापवल्याबद्दल बाबांना बोलली. संध्याकाळी मी परतीच्या गाडीत बसले. रात्री आई झोपली ती सकाळी उठलीच नाही.

काही आठवड्यांनी बाबांनी दुकान उघडलं. ते मशीन आणि इस्त्री सांभाळणारे. कॉम्प्युटरला लांबूनच नमस्कार. मी रजा वाढवून सोबत थांबले होते, तीही संपत आली होती. एका सकाळी त्यांची हाक आली.

"अगं, लवकर ये! वकील रस्ता ओलांडतायत आणि हे त्यांचंच उघडून बसलंय!"

स्क्रीन गल्ल्याकडे वळलेली, आणि वर ठळक अक्षरांत 'खडूस वकील'. मी हाताला लागलं ते कापड स्क्रीनवर टाकलं.

"कॉम्प्युटरलाही पडदा?" वकील आत येत म्हणाले.

"नमुना आहे, साहेब," बाबा म्हणाले.

वकिलांनी एका खिडकीचं माप बदलून दिलं. चुण्या किती पडतील ते विचारलं. "वहिनी असत्या तर एव्हाना मला झापलं असतं," म्हणाले, आणि निघून गेले.

बाबांनी कापड काढून घडी घातली. "हे थांबवून दे बाई. तू गेल्यावर मी एकटा काय करू?"

"फाईलचं नाव बदलू?"

"नाव नको. नाव तिने ठेवलंय."

मी शोधायला बसले. प्रोग्रॅम सुरू होताना ज्या ठरावीक फोल्डरमधून फायली उचलतो, तो रिकामा होता. मग सेटिंग्ज उघडल्या. खूप खाली एक चौकट सापडली: सुरू होताना या फोल्डरमधल्या सर्व फायली उघडा. आणि त्या चौकटीत आईच्या 'पडदे' या फोल्डरचा पत्ता. फायली कुठे ठेवायच्या ते सांगायला ती गेली असणार आणि भलत्याच चौकटीत लिहून आली. तेव्हापासून प्रोग्रॅम रोज सकाळी तिचं ऐकत होता.

"सापडलं?" बाबांनी विचारलं.

"सापडलं."

"मग?"

मी ती ओळ पुसली. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. एक कोरी शीट उघडली, बाकी काही नाही.

बाबा माझ्या खांद्यावरून वाकले. "गेले सगळे?"

"नाही बाबा. सगळे फोल्डरमध्ये आहेत. आता हवा तो आपण उघडायचा."

"बरं झालं," ते म्हणाले. पण हलले नाहीत; त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत राहिले. मग इस्त्री लावायला आत गेले.

मी एकटीच बसून होते. तिकडे, नोकरीच्या शहरात, आईचा रोज फोन यायचा. जेवलीस का, विचारायची. जेवले, मी म्हणायचे. मग गिऱ्हाइकांच्या गमती. ती हसवून फोन ठेवायची आणि मी त्या भाड्याच्या खोलीत फोन हातात धरून तशीच बसून राहायचे. पुढचं एक वाक्य ओठांवर असायचं. आपण काय लहान आहोत, असं वाटून मी ते गिळायचे.

आत इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. बाबांना ऐकू जाईल, हे मला कळत होतं.

"आई," मी मोठ्याने म्हटलं, "तू होतीस ना, तेव्हाही मला तुझी फार आठवण यायची."