चंद्रकळेखालची अंबाडी

आता जे सांगणार आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही. वाटलंच कुणाला, तर त्यानं एकदा तब्येत दाखवून घ्यावी. ज्याची गोष्ट, तो जगन्नाथ देवतळे त्या सोफ्यावर पेंगतोय. त्याची बायको नंदा आत पुऱ्या लाटतेय. एका शब्दाची जरी खोट निघाली तर ती लाटणं घेऊन बाहेर येईल. तेव्हा ऐका.

चौऱ्याऐंशी साल. जगन्नाथ तेव्हा व्हरमाँटच्या पार उत्तर टोकाला एका शेतकी केंद्रात नोकरीला होता. कॅनडा इतका जवळ, की त्यानं इकडे शिंकावं आणि 'गॉड ब्लेस यू' तिकडून यावं. उन्हाळा तिथे सरकारी साहेबासारखा यायचा: उशिरा, घाईत, आणि कामाच्या कागदावर सही व्हायच्या आत निघूनही जायचा. सप्टेंबर उजाडतो न उजाडतो तोच एका रात्रीत दंव गोठायचं, आणि सकाळी सगळी हिरवळ उकडलेल्या पालकासारखी काळी पडलेली. तिथले लोक त्याला फ्रॉस्ट म्हणायचे, जगन्नाथ त्याला जे म्हणायचा ते इथे सांगण्यासारखं नाही. कारण त्याची नोकरीच ती होती. फ्रॉस्टच्या आधी पिकून मोकळं होईल असं सोयाबीनचं वाण निवडायचं.

आणि त्याचा शेजारी वेन्डेल. लाकूडतोड्या, छातीपर्यंत दाढी, मनाचा मोकळा आणि डोक्यानं त्याहून मोकळा. तो दरवर्षी मागच्या जंगलात गांजा लावायचा आणि दरवर्षी नेमका फुलोरा धरायच्या वेळी फ्रॉस्ट त्याचा सत्यानाश करायचा. एका संध्याकाळी तो कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला.

"जॅग, गांजाच्या एका जातीला इंडिका म्हणतात. म्हणजे काय रे?"

"भारतातलं."

"आणि तू कुठला?"

"भारतातला."

"मग झालं तर! सांग, कुठलं बी लावू?"

जगन्नाथनं कपाळाला हात लावला. "बाबा रे, मी अमरावतीचा आहे. हिमालय मी कॅलेंडरवर पाहिलाय, तोही किराणा दुकानाच्या. गांजातलं मला ओ की ठो कळत नाही."

"असं कसं? रक्तात असेलच की तुमच्या."

इथे खरं तर जगन्नाथनं घरात निघून जायचं. पण वेन्डेल म्हणाला, "यंदा मी कोलंबियाचं बी आणलंय. सगळ्यांत उंच वाढतं म्हणे." आणि संपलं. या माणसाला गुन्हा चालतो, अडाणीपणा चालत नाही.

"अरे माठा! कोलंबिया कुठे, आपण कुठे! तिथे बारा महिने रात्र बारा तासांची. तिथल्या झाडाला मोठी रात्र दिसल्याशिवाय फुलायचं सुचतच नाही. इथे जुलैत रात्र असते कुठे? ते बिचारं रात्रीची वाट बघत नुसतं उंच होत बसणार, आणि त्याचा मुहूर्त येईपर्यंत फ्रॉस्ट दारात उभा. उंची काय चाटायचीय? बी कुठल्या अक्षांशावरचं ते बघ. थंड डोंगराळ मुलखातलं घे. बुटकं चालेल, लवकर फुललं पाहिजे. रात्र-दिवस न बघता आपल्या वयानं फुलणारं मिळालं तर सोन्याहून पिवळं." एवढं बोलून तो दचकला. "हे मी सोयाबीनबद्दल बोलतोय!"

"अर्थात," वेन्डेलनं डोळा मारला. "सोयाबीन."

झालं. पुढच्या आठवड्यात पठ्ठ्या कागदाच्या पिशव्या घेऊन हजर. "जॅग, हे अफगाणी सोयाबीन. हे मेक्सिकन सोयाबीन. आणि हे माझ्या मेव्हण्यानं कॅनडातून बुटात घालून आणलेलं सोयाबीन. बोल, कुठलं?" जगन्नाथनं त्याला हाकललं. त्यानंतर अनोळखी पिकअप गाड्या दाराशी थांबायला लागल्या. दाढीवाले, वेणीवाले, एक तर चक्क रिटायर्ड पाद्री. सगळ्यांना सोयाबीनचा सल्ला हवा. अख्ख्या अमेरिकेच्या इतिहासात सोयाबीनला असं प्रेम कधी मिळालं नसेल. जगन्नाथ दार उघडायचा, "मी नोकरदार माणूस आहे हो!" असं ओरडायचा आणि दार आपटायचा. लोक आपसांत म्हणायचे, खरा गुरू असाच असतो, लवकर बोलत नाही.

वैताग नुसता! आणि तोही कधी, तर सप्टेंबरअखेर दोघांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू ठेवलेला असताना. हौस म्हणून नव्हे. नंदाची आई अमरावतीत एकटी होती, डोळ्यांनी अधू झालेली. नंदा सिटिझन झाली की आईला आणता येणार होतं. नाही झाली, तर नाही. पोलिसांच्या कागदावर नवऱ्याचं नुसतं नाव जरी चढलं, तरी सगळंच मुसळ केरात.

आता त्या माउलीनं काय करावं? तिनं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर हळदीच्या डब्यात लपवून लेकीसाठी अंबाडीचं बी पाठवलं. तिकडची पोर, अंबाडीच्या भाजीवाचून तिचं जेवण अडलेलं. जगन्नाथ बोंबलला, "मी शेतकी खात्याचा माणूस आणि माझ्याच घरात चोरटं बी?" नंदा म्हणाली, "खाऊ नका मग." आणि तिनं जूनमध्ये घराच्या मागच्या भिंतीलगत अंबाडी पेरली. शेजारी दोन कुंड्यांत भेंडी. भेंडीचे लाड जास्त, थंडी वाजते म्हणून कुंड्या रोज रात्री घरात.

ज्यांनी अंबाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरळसोट झाड, आणि पान म्हणजे पंजा: लांबट, कातरलेल्या कडांची बोटं पसरलेला. ज्यांनी गांजाचं पान पाहिलंय त्यांना काही सांगायलाच नको.

वेन्डेलनं कुंपणावरून ते पाहिलं. पाहून तो रडला म्हणे. आणि भावनेच्या भरात गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बोलून बसला, की आमच्या प्रोफेसरनं खास हिमालयातलं वाण आणलंय, छातीएवढं झालंय!

दुसऱ्या दिवशी शेरीफ रॉय दाराशी.

रॉय माणूस वाईट नव्हता. पण त्या वर्षी सरकारी हेलिकॉप्टरं गांजा शोधत जंगलावरून घिरट्या घालत होती, आणि शेरीफच्या हद्दीत सापडला तर त्याचंच नाक कापलं जाणार. तो अंबाडीसमोर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"प्रोफेसर, हे काय आहे?"

आता शहाण्या माणसानं म्हणावं, भाजी आहे. आमच्याकडची पालेभाजी. नंदा मागून हळूच म्हणालीसुद्धा, "अहो, भाजी म्हणा." पण जगन्नाथ पडला शास्त्रज्ञ! भाजी हा काय शब्द झाला? त्यानं छाती फुगवून शुद्ध इंग्रजी नाव सांगितलं.

"डेक्कन हेम्प."

हेम्प म्हणजे तिकडे गांजाचंच झाड. शेरीफची भुवई टोपीत गेली. "हेम्प?"

"नाही, नाही, गैरसमज नको!" जगन्नाथ घाईघाईनं म्हणाला. "ते बोलीतलं नाव. शास्त्रीय नाव ऐका ना, म्हणजे शंका उरणार नाही. हिबिस्कस कॅनाबिनस!"

नंदानं डोळे मिटून घेतले.

"कॅनाबि— काय म्हणालात?" शेरीफनं खिशातून कागद-पेन काढलं.

त्यानंतर जगन्नाथनं लॅटिन व्याकरण समजावून सांगितलं. 'कॅनाबिनस' म्हणजे फक्त कॅनाबिससारखा, म्हणजे गांजासारखा, दिसणारा, हे सांगितलं. जितकं सांगितलं तितक्या वेळा तो शब्द आला. नंदानं शेवटी आतून वाटी आणली. लसणाच्या फोडणीची अंबाडी, वर तांदळाच्या कण्या. "खाऊन बघा. आंबट लागते. यानं कुणाला नशा चढली तर मला बेड्या घाला."

शेरीफ दोन पावलं मागे सरला. "मॅडम, ड्यूटीवर मी हे खाऊ शकत नाही."

पण माणूस वाईट नव्हता, म्हटलं ना. जगन्नाथनं हात जोडून सांगितलं, फूल येऊ द्या. गांजाला फुलं येतात ती हिरवी, झुपकेदार. याला येईल गुलखैऱ्यासारखं, पिवळं, मध्ये काळपट लाल. शेरीफच्या आईच्या अंगणात गुलखैरा होता. तो म्हणाला, "ठीक. फ्रॉस्टपर्यंत थांबतो. फूल दिसलं तर कागद फाडीन. नाही दिसलं तर कागद वर जाईल."

तो गेला आणि जगन्नाथ मटकन पायरीवर बसला. कारण अंबाडी आली अमरावतीहून! ती त्या कोलंबियाच्या गांजाचीच मावसबहीण. तिलाही मोठी रात्र हवी. ती फुलणार ऑक्टोबरात, आणि फ्रॉस्ट पडणार सप्टेंबरात. वेन्डेलला जे ओरडून सांगितलं, ते स्वतःच्या परसात आलं.

"काय हो," नंदा म्हणाली, "एवढे वाणांतले पंडित तुम्ही. आता?"

"आता तिला रात्र दाखवायची. खोटी. उजेड कमी केला की फसेल ती. काळं कापड पाहिजे. जाड, मोठं."

काळं कापड व्हरमाँटच्या दुकानात का मिळत नव्हतं ते विचारू नका. नंदाकडे एकच होतं. संक्रांतीची चंद्रकळा. आईनं पहिल्या सणाला दिलेली, काळीभोर, त्यावर खडीचे ठिपके. जगन्नाथनं ती मागितली. नंदा पेटीपाशी गेली, साडी काढली, आणि त्याच्या हातात देताना म्हणाली, "फाटली तर मीच माहेरी जाईन. तेवढ्याला सिटिझनशिप लागत नाही."

मग रोज ऑफिसातून आल्याबरोबर जगन्नाथ अंबाडीला चंद्रकळा नेसवायचा आणि सकाळी उन्हं वर आली की सोडायचा. वेन्डेल कुंपणावरून सल्ले द्यायचा. "जॅग, पदर डावीकडून घे, वारा उजवीकडून आहे." एकदा त्यानं चार पानं चोरून नेली, वाळवली आणि ओढली. दिवसभर खोकला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "सौम्य आहे. पण विचार फार खोल येतात." जगन्नाथनं त्याला नांगराचा फाळ फेकून मारला, तो लागला नाही.

आणि अंबाडी? ढिम्म. एक कळी नाही. देठावरच्या बारीक काट्यांनी चंद्रकळेचे धागे मात्र निघाले. जगन्नाथ झाडांशी बोलायला लागला. "अगं बये, रात्र झाली! खडीच्या चांदण्यासुद्धा लावल्यात तुला! आणखी काय हवं, कीर्तन?"

एका दुपारी रेडिओनं सांगितलं, आज रात्री फ्रॉस्ट. घरातल्या सगळ्या चादरी, ब्लँकेटं, जगन्नाथचा लग्नातला सूट, सगळं अंबाडीवर गेलं. वेन्डेलनं स्वतःचा गांजा सोडून मदत केली, कारण त्याचा तर गेल्यातच जमा होता. त्यानं शेवटी जगन्नाथचं ऐकलंच नव्हतं, कोलंबियनच लावला होता. उंच दिसतो म्हणून!

सकाळी गवत पांढरंफट. जगन्नाथची बाहेर जायची छाती होईना. खिडकीतून त्याला नंदा दिसली. अंबाडीपाशी वाकून सुईदोऱ्यानं काहीतरी करत होती. चंद्रकळा शिवत असेल बिचारी, असं त्याला वाटलं. इतक्यात शेरीफची गाडी आली.

शेरीफनं ब्लँकेटं बाजूला केली. सूट बाजूला केला. चंद्रकळा उचलली.

आणि काय सांगू! मधल्या झाडाच्या शेंड्याला एक फूल. पिवळंधमक, रेशमासारखं, आत काळपट लाल डोळा. शेरीफनं टोपी काढली. "माझ्या आईचा गुलखैरा," म्हणाला, आणि खिशातला कागद फाडून खिशातच ठेवला, रस्त्यावर कचरा नको म्हणून.

जगन्नाथनं तिथेच गोठल्या गवतावर उभं राहून त्याला रात्र आणि फुलोरा यावर भाषण दिलं. मग इंटरव्ह्यू झाला, दोघं सिटिझन झाले, वर्षभरात आई आली. आणि ती अंबाडी! त्या दिवसापासून जी फुलत सुटली म्हणता! एका फुलाची दहा, दहाची शंभर. बर्फ पडला, तरी त्यातून पिवळी फुलं वर. हेलिकॉप्टरवाले खाली उतरून फोटो काढायचे. चंद्रकळेची करामत बघायला कॅनडातून—

"भाऊजी!"

नंदा लाटणं घेऊन दारात उभी होती. सोफ्यावर जगन्नाथनं एक डोळा उघडला.

"इतकी वर्षं ऐकून घेतलं. कसली शंभर नि कसली दहा? अंबाडीला एक कळीसुद्धा आली नव्हती. एकच फूल होतं, आणि ते माझ्या कुंडीतल्या भेंडीचं होतं. मी टाचलं होतं, काळ्या दोऱ्यानं!"